अनशी ढाकायचा सण: पेसाहची रात्र मुलांबरोबर कशी करावी

आम्ही कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. माझी आजी रेवदंड्याची. ती सांगायची की तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात आंबट पाण्याची एक बरणी असे. जेवताना चटणीसारखं तोंडी लावायला त्यातलं घ्यायचं. त्याला अनस म्हणत. वर्षातून एकदा, चैत्राच्या सुमाराला, त्या बरणीचं तोंड फडक्याने घट्ट बांधायचं आणि सणाचे दिवस सरेपर्यंत सोडायचं नाही. म्हणून पेसाहचं, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाचं, नाव पडलं अनशी ढाकायचा सण. आमचे बाकीचे सणही असेच हाताने ओळखलेले होते. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, नव्याचा सण, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दारफाळणीचा सण, तिशा बेआवला, म्हणजे मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवसाला, बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत वालाचं बिरडं करायचं.

कोकणातल्या आम्हा बेने इस्राएलांकडे तेव्हा धर्मग्रंथ नव्हता. मिसर म्हणजे इजिप्त, तिथला राजा फारो, तिथली गुलामी, त्यातून लोकांना बाहेर काढणारा मोशे, यातलं कुणी काही वाचून दाखवत नव्हतं. तरी आंबलेलं शिवायचं नाही एवढं हातांना ठाऊक होतं. पुढे पुस्तकं आली आणि बरणी का बांधत होतो ते कळलं. १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापलेली हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, निघाली, एका बाजूला हिब्रू आणि एका बाजूला मराठी. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेत चित्रं आहेत. मात्सा, म्हणजे न आंबवलेली भाकर, लाटणाऱ्या बायका त्यात लुगड्यात, जमिनीवर बसलेल्या दिसतात. ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या बायका आमच्याच घरातल्या वाटल्या होत्या.

हे आधी सांगितलं कारण पुढची सगळी कृती याच्यावर उभी आहे. मुलाला आधी हाताला काम द्यायचं. मग तो विचारेल तेव्हा गोष्ट सांगायची.

मी हे उशिरा शिकले. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या वाचनाच्या आणि जेवणाच्या विधीच्या, रात्री त्याने मोठ्यांदा विचारलं, "आई, आपण मिसरमध्ये गुलाम होतो असं म्हणतात, पण आपण तर नवगावचे ना?" सासरे हिब्रू वाचत होते, पाहुणे बसले होते. मी त्याला म्हटलं, "गप्प बस, वाचन चाललंय." तो गप्प बसला. पुढची दहा-बारा वर्षं तो गप्पच बसला. जेवायला यायचा, खजुराचं गोड हलेक बोटाने चाटून खायचा, आणि वाचन सुरू झालं की डोळे मिटायचा. त्याचा प्रश्न त्या रात्रीतला सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि उत्तर देण्याचं काम माझं होतं. आज त्याची दोन मुलं माझ्या शेजारी बसतात. मोठी अकरा वर्षांची आहे, धाकटा सहा. त्यांच्यासाठी मी जे बसवलं आहे ते इथे लिहिते.

तारीख आणि चंद्र

पेसाह आमच्या निसान महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे १४ च्या सूर्यास्तानंतर सुरू होतो. आमचा महिनाही चंद्राचाच, त्यामुळे ती रात्र पौर्णिमेची. बहुतेक वर्षी ती चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे येते. २०२४ मध्ये पहिला सेदर २२ एप्रिलला होता आणि २३ ला हनुमान जयंती. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा आणि सेदर एकच असतो. आपल्याकडे, इस्राएलच्या बाहेर, आठ दिवस आणि पहिल्या दोन्ही रात्री सेदर. मुलांना पंधरवडाभर आधीपासून गच्चीवर नेऊन चंद्र दाखवा. चंद्राची कोर दिसली की घर आवरायला घ्यायचं, अर्धा झाला की पिठाचे डबे बाहेर काढायचे. धाकट्याला तारखा कळत नाहीत, चंद्र कळतो.

हामेस शोधणं

गहू, सातू आणि त्यांच्या जातीच्या पाच धान्यांना पाणी लागून ती आंबली की ते हामेस. आठ दिवस ते खायचंही नाही आणि घरात ठेवायचंही नाही. परदेशात छापलेल्या याद्या आपल्या स्वयंपाकघराला पुरत नाहीत. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं, रवा, शेवया हे सगळ्यांच्या लक्षात येतं. कुरडया गव्हाच्या असतात हे विसरलं जातं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीवर वाचून घ्या. सोया सॉसमध्येही गहू असतो. आमच्या घरी तांदूळ चालतो. तो आधीच तीनदा निवडून स्वच्छ पिशवीत वेगळा ठेवायचा. युरोपातून आलेले अनेक यहुदी तांदूळ आणि डाळी खात नाहीत. ती त्यांची रीत. घरी तसा पाहुणा येणार असेल तर त्याच्यासाठी बटाट्याचं काही करा, वाद घालू नका.

पूर्वी या दिवसांत घराला चुना लागायचा आणि तांब्याची भांडी कल्हईला जायची. माझ्या लहानपणी कल्हईवाला अंगणात भाता मांडायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आता स्टीलची भांडी आहेत. ती घासून, चोवीस तास न वापरता ठेवून, मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवून काढतो. हे काम मोठ्यांचं. मुलांना जवळ उभं राहून बघू द्या, पण पातेल्यापासून हातभर लांब.

मुलांचं खरं काम आदल्या रात्रीचं. दिवे घालवायचे, मेणबत्ती घ्यायची, पक्ष्याचं पीस आणि लाकडी चमचा घ्यायचा. पावाचे दहा लहान तुकडे कागदात गुंडाळून घरभर आधी लपवून ठेवलेले असतात. ते शोधायचे, पिसाने चमच्यात लोटायचे आणि सकाळी जाळायचे. तुकडे कुठे ठेवले ते लपवणाऱ्याने लिहून ठेवावं. एका वर्षी आमचा दहावा तुकडा सापडेना आणि रात्रीचे अकरा वाजले. शेवटी तो कपाटाच्या वरच्या कडेला निघाला. शोधताना बोलायचं नसतं. सहा वर्षांचा मुलगा अंधारात मेणबत्तीमागे अर्धा तास न बोलता चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एरवी तो दोन मिनिटं गप्प राहत नाही.

उरलेलं पीठ, भाजणी, कुरडया मी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना देते. डबे द्यायला मुलांनाच पाठवा आणि का देतोय ते त्यांनाच सांगू द्या. दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपला सण समजावून सांगताना मुलाला तो स्वतःला कळतो. पहिल्या वर्षी नात काकूंना म्हणाली, "आम्हाला पीठ चालत नाही." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "आमचे लोक एवढ्या घाईने निघाले की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही."

मात्सा, अठरा मिनिटांत

आमची जुनी माणसं मस्सा म्हणायची, आता सगळे मात्सा म्हणतात. मराठी बायबलात बेखमीर भाकर असा शब्द आहे आणि सणाला वल्हांडण. सेदरच्या ताटात ठेवायचा मात्सा आम्ही सिनेगॉगमार्फत, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळामार्फत, मागवलेला, देखरेखीखाली भाजलेला घेतो, आणि तुम्हीही तोच घ्या. पण सणाआधी आठ-दहा दिवस, घरात अजून पीठ असताना, एका दुपारी मुलांकडून मात्सा करून घ्या. सरावापुरता.

नियम एवढाच की पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर जायचं नाही. त्यापुढे पीठ आंबायला लागलं असं धरतात. मीठ नाही, तेल नाही, फक्त पीठ आणि पाणी. तवा आधीच कडक तापवून ठेवा. घड्याळ लावा. दोन वाट्या पीठ घ्या, त्याहून जास्त नको, कारण लहान हातांना वेळ लागतो. मळायचं, हात थांबू द्यायचा नाही, गोळा बाजूला ठेवून विश्रांती द्यायची नाही. पातळ लाटायचं, काट्याने सगळीकडे टोचायचं, तव्यावर दोन्हीकडून भाजून मग जाळावर कडक करायचं. टोचणं महत्त्वाचं, कारण मात्सा फुगलेला किंवा दुमडलेला चालत नाही. पोळी फुगली की सुनेचं कौतुक करणाऱ्या घरात त्या दिवशी उलट धडपड असते. धाकट्याने मागच्या वर्षी विचारलं, "फुगला तर काय बिघडतं?" मी म्हटलं, तो प्रश्न सेदरपर्यंत सांभाळून ठेव.

अठरा मिनिटं पुरत नाहीत. दरवेळी दोन-तीन गोळे उरतात आणि ते टाकावे लागतात. ते मुलांच्या देखत टाका. घाई म्हणजे काय ते तेव्हा कळतं. बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात लिहिलंय की मिसर सोडताना लोकांनी न आंबलेली कणीक परातीसकट कापडात बांधून खांद्यावर टाकली होती. त्या दुपारनंतर ती ओळ वाचली की नात हातातलं लाटणं आठवते.

शरबत आणि हलेक

आमच्या लोकांना कोकणात द्राक्षारस कुठला मिळणार? आम्ही किद्दूश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायची सणाची प्रार्थना, काळ्या मनुकांच्या शरबतावर करत आलो आहोत. मनुका धुऊन रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने चुरडायच्या, फडक्यातून पिळून घ्यायच्या. एक वाटी मनुकांना तीन वाट्या पाणी. सेदरला प्रत्येकाचे चार पेले असतात. पेल्याचं माप एका प्रचलित मताप्रमाणे सुमारे ८६ मिलिलिटर. म्हणजे आठ माणसांना पावणेतीन लिटरच्या आसपास शरबत लागतं. मुलांचे पेले लहान ठेवा. चिरडायचं काम मुलांचं, हात जांभळे होतात, होऊ द्या.

हलेक म्हणजे खजुराचा पाक. मिसरात आपले पूर्वज विटा घडवत होते, त्या मातीची आठवण म्हणून तो. अर्धा किलो बिनबियांचा काळा खजूर लिटरभर पाण्यात रात्री भिजवा. सकाळी मंद आचेवर शिजवून घोटा, गार झाला की मलमलच्या फडक्यातून पिळा आणि तो रस पुन्हा मंद आचेवर आटवा. चमच्याच्या पाठीवर दाट थर बसला की उतरवा, गार झाल्यावर आणखी घट्ट होतो. तासभर तरी लागतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हलू नका, खाली लागतो. वाढताना वर अक्रोडाचा जाडसर कूट. थोडा जास्तच करा, आठ दिवस मात्साबरोबर मुलं तेच खातात.

ताट

ताटात भाजलेलं हाड, उकडून भाजलेलं अंडं, कर्पास, मारोर आणि हलेक. शेजारी फडक्यात तीन मात्सा एकावर एक. कर्पास म्हणजे हिरवी भाजी, त्यासाठी आम्ही सेलरी घेतो आणि ती मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात बुडवतो. मारोर म्हणजे कडू भाजी. त्यासाठी लेट्यूसची पानं घ्या. ती मिठाच्या पाण्यात भिजवून, एकेक पान उजेडासमोर धरून तपासा, किडे लपलेले असतात. नजर तेज असलेल्या मुलांना हे काम द्या. लेट्यूस का, तर ते आधी गोडसर लागतं आणि मागाहून कडू होतं. मिसरातही तसंच झालं. आपल्यातला योसेफ तिथे कारभारी होता, तेव्हा मानाने बोलावलं आणि पुढच्या फारोने गुलाम केलं. मुलांना आधी पानाचा देठ चघळू द्या, मग हे सांगा.

ताट मांडून झालं की मुलांना दुपारी झोपवा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. चांदण्या दिसल्याशिवाय सेदर सुरू होत नाही, म्हणजे एप्रिलमध्ये ठाण्यात सव्वासात वाजतात. जेवण नऊच्या पुढे. तालमूदमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथात, रब्बी अकिवांबद्दल सांगितलंय की ते पेसाहच्या संध्याकाळी मुलांना भाजके दाणे आणि अक्रोड वाटायचे, मुलं झोपू नयेत आणि त्यांनी विचारावं म्हणून. एवढ्या थोर गुरूला ज्याची काळजी होती ती आपण का करू नये? मी टेबलावर अक्रोडांची एक परडी आणि एक रिकामा वाडगा ठेवते. जो प्रश्न विचारेल त्याने परडीतला एक अक्रोड वाडग्यात टाकायचा. सणाच्या रात्री लिहायचं नसतं, म्हणून प्रश्नांची मोजदाद अशी.

माझी मुलगी इस्राएलमध्ये अश्दोदला असते. सण लागल्यावर फोन बंद, त्यामुळे तिच्या घरच्यांशी आम्ही दुपारीच बोलून घेतो. आमचे पाच वाजलेले असतात तेव्हा त्यांचे अडीच. दोन्हीकडची ताटं एकमेकांना दाखवायची आणि मुलांनी एकमेकांना मा निश्तन्ना, म्हणजे सेदरला मुलाने विचारायचा प्रश्न, म्हणून दाखवायचं. तिथली नात मराठी समजते पण बोलताना अडखळते. तेव्हा इकडची तिला शब्द पुरवते.

सांगणं

सेदरच्या पंधरा पायऱ्या आहेत, कद्देशपासून निर्सापर्यंत. सगळ्यांबद्दल इथे लिहीत नाही, हगादेत क्रम दिलेला असतो. तुमचं लक्ष मग्गीदवर हवं. मग्गीद म्हणजे सांगणं. निर्गमाच्या तेराव्या अध्यायातली आज्ञाच तशी आहे की त्या दिवशी आपल्या मुलाला सांग. हगादा हा शब्दही त्याच धातूचा.

आता काहींना वाटतं की मराठीत सांगितलं तर पुण्य कमी. त्यांनी मग्गीदची सुरुवात पाहावी. मात्सा उचलून आपण म्हणतो, हा लहमा अन्या, ही गरिबीची भाकर, जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं. हे हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे. त्या काळी लोक घराघरांत अरामी बोलत होते. पाहुण्याला आणि मुलाला कळावं म्हणून बोलीत सांगायचं हे पहिल्यापासून चालत आलेलं आहे. आम्ही हा लहमा अन्या आधी अरामीत म्हणतो, मग मराठीत. तेव्हा दारही उघडं ठेवतो.

आधी मधला मात्सा मोडायचा. मोठा तुकडा फडक्यात बांधून ठेवतात, तो जेवणानंतर खायचा आफिकोमान. मुंबई-पुण्याच्या बगदादी यहुद्यांची एक सुंदर रीत मी उचलली आहे. ते गाठोडं मुलाच्या खांद्यावर बांधायचं. सगळे विचारतात, "कुठून आलास?" तो म्हणतो, "मिसरातून." "कुठे चाललास?" "यरुशलेमला." आमचा धाकटा त्यासाठी आधी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहतो आणि घंटी वाजवून आत येतो.

मग सगळ्यात लहान मूल मा निश्तन्ना म्हणतं, ही रात्र इतर सगळ्या रात्रींहून वेगळी का? पाठ करून घ्या, पण तिथे थांबू नका. पाठ केलेला प्रश्न हा दरवाजा आहे. त्यानंतर मी पाच मिनिटं हगादा मिटून ठेवते आणि म्हणते, आता तुमचे. शांतता पडली तर पडू द्या. पहिल्या वर्षी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सुनेने स्वतःच विचारलं की हाड का ठेवतात आणि खात का नाहीत. मोठ्यांनी खरा प्रश्न विचारला की मुलांची भीड जाते. शास्त्रही तेच सांगतं. मूल नसेल तर बायकोने विचारावं, माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावं.

हगादेत चार मुलगे येतात. शहाणा, दुष्ट, साधा, आणि ज्याला विचारताच येत नाही तो. दुष्ट मुलगा म्हणतो, तुम्हाला ही सेवा कशाला? पुस्तक त्याला कठोर उत्तर देतं. मी ते वाचते, गाळत नाही. पण मुलांना हेही दाखवते की तो त्या रात्री घरी आलाय, टेबलाशी बसलाय आणि विचारतोय. माझा मुलगा बारा वर्षं चौथ्या मुलासारखा बसला होता, आणि त्याला तसं मी बसवलं होतं. तुमच्या घरात कुणी उद्धट प्रश्न विचारला तर अक्रोड वाडग्यात टाकायला सांगा आणि उत्तर द्या.

गोष्ट मी माझ्या शब्दांत, वीस मिनिटांत सांगते. योसेफापासून सुरू, समुद्र दुभंगला तिथे शेवट. हगादेत मोशेचं नाव जवळजवळ येतच नाही, प्रचलित प्रतीत एकदाच येतं. हे मुलांना शोधायला लावा. मग का नाही ते विचारा. दहा पीडांच्या वेळी प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बशीत सांडतो, रक्त, बेडूक, उवा असं करत पहिल्या मुलांच्या मृत्यूपर्यंत. आपल्या सुटकेसाठी का होईना, दुसऱ्यांच्या घरी रडणं झालं, म्हणून आपला पेला तेवढा उणा. इथे आवाज खाली आणा. मुलांना समजतं.

वेळ कमी पडला तर बाकीचं आटोपतं घ्या, पण जुने गुरू रब्बान गमलिएल यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी सोडू नका. पेसाह, मात्सा आणि मारोर यांचा अर्थ ज्याने सांगितला नाही त्याचं कर्तव्य पुरं झालं नाही, असं त्यांचं म्हणणं. मात्सा आणि मारोर हातात उचलून दाखवा. हाड उचलायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं, कारण यरुशलेमचं मंदिर आता नाही आणि ते यज्ञाचं कोकरू नाही. फुगलेल्या मात्साचा जपून ठेवलेला प्रश्न इथे सुटतो.

नवगाव

यापुढेच ती ओळ येते, पिढ्यानपिढ्या प्रत्येकाने आपण स्वतः मिसरातून निघालो असं समजावं. इथे मी थांबते आणि तीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला गप्प बसवलं होतं त्याचं उत्तर देते. मूळ हगादेत मी काही मिसळत नाही, पुस्तक बाजूला ठेवून सांगते.

आपल्याकडे परंपरेने सांगतात ते असं. येशूच्या आधी पावणेदोनशे वर्षांच्या सुमाराला आपले पूर्वज जुलूम टाळून समुद्रमार्गे निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावला पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिलं काय? शेमा इस्राएल ही एक प्रार्थना. आठव्या दिवशी मुलाची सुंता. शब्बाथची, म्हणजे शनिवारची, सुट्टी. आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पुढे दावीद राहाबी नावाचा एक परका यहुदी आला. हे खरंच आपले का, ते पाहावं म्हणून त्याने बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे परत केले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. त्याने ओळखलं.

आणि राहिली बरणी. हे सांगताना मी आजीची चिनीमातीची बरणी टेबलावर आणते, तोंड फडक्याने बांधलेली. त्यात आता अनस नसतं, ती रिकामीच असते. मी मुलाकडे बघून सांगते, "तुझ्या खापरपणजीला मिसर माहीत नव्हतं, मोशेही माहीत नव्हता. पण याच रात्री ती ही बरणी बांधत होती. कुणीतरी तिला शिकवलं होतं, त्या कुणालातरी आणखी कुणीतरी. ती दोरी मागे मागे धरत गेलास तर कुठे पोचशील?" ज्या वर्षी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा मुलगा, दोन मुलांचा बाप, उठून स्वयंपाकघरात गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

तुमचं घर पेणचं असेल, रोह्याचं, किहीमचं, झिराडचं, तुमच्याकडे दुसरी काही वस्तू असेल. पाटावरवंटा, जुनी हगादा, शब्बाथचा तेलाचा दिवा. ती टेबलावर आणा आणि ती कुणाच्या हातात होती ते नाव घेऊन सांगा.

एलियाहूचा पेला

जेवणाबद्दल लिहीत नाही. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, कारण मांसाबरोबर गाईचं दूध चालत नाही, एवढं आपल्या घरात सगळ्यांना येतं.

निर्गमाच्या सहाव्या अध्यायात देव सुटकेचे चार शब्द उच्चारतो, त्यांचे चार पेले. पाचवा, देशात आणण्याचा, तो एलियाहूचा. तो भरून ठेवायचा आणि दार उघडायचं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टे एलियाहू, आपल्या घरचेच. नवस फेडायला मलिदा करतो तो त्यांच्याच नावाने, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, त्यांच्या रथाच्या चाकांच्या म्हणतात. मुलांना एकदा तिथे न्या. मग दार उघडायला ती धावतात. समोरच्या काकूंना ही वेळ माहीत आहे. त्यांच्या दारावरचा दिवा त्या रात्री उशिरापर्यंत चालू असतो.

झोपण्याआधी वाडग्यातले अक्रोड मोजा. गेल्या वर्षी सतरा झाले. सण संपला की मी आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवते, कुणी विचारला आणि काय उत्तर दिलं. काहींपुढे जागा कोरी आहे. सिनेगॉगमध्ये हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून किंवा वाचून ती भरायची, आणि पुढच्या वर्षी तिथून सुरू करायचं. "फारोचं मन देवानेच कठीण केलं तर फारोचा दोष काय?" हा नातीचा प्रश्न. त्याच्यापुढची जागा दोन वर्षं कोरी आहे आणि तिने तसं बजावून ठेवलंय की घाईने काही लिहू नकोस.

आठव्या दिवशी चांदण्या दिसल्या की धाकटा बरणीचं फडकं सोडतो. त्याच्या आतच घंटी वाजलेली असते. काकूंनी आमच्याच पिठाच्या, आमच्याच डब्यात पोळ्या पाठवलेल्या असतात, गरम, टम्म फुगलेल्या.